इंग्रजीचा उतारा आणि घरची भाकरी

अर्थशास्त्राच्या तासाला ‘सीरिअल्स’ म्हणजे तृणधान्ये, हे ज्या आठवड्यात मी फळ्यावर लिहून दिले त्याच आठवड्यातील ही गोष्ट आहे. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी बँकेच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींची संख्या लहान नाही. त्यांच्यासाठी दर शनिवारी दुपारी आम्ही इंग्रजी उताऱ्यांच्या आकलनाचा एक वर्ग भरवितो. वर्ग इंग्रजीचा आणि चालविणारा अर्थशास्त्राचा, ही विसंगती प्रारंभीच कबूल केलेली बरी. इंग्रजीचे अध्यापक अपुरे आहेत, परीक्षा मात्र कोणासाठी थांबत नाहीत. तेव्हा ज्याला चार वाक्ये वाचता येतात त्याने ती चारचौघांबरोबर वाचावीत, एवढाच या उद्योगामागील विचार आहे.

त्या शनिवारी सरावाच्या पुस्तकातून अन्नविषयक उतारा घेतला होता. विषय सोपा, सर्वांच्या परिचयाचा, म्हणूनच तो निवडला. उताऱ्यात एका इंग्रज कुटुंबाची सकाळ रंगविली होती. वडील वर्तमानपत्र वाचीत आहेत, आई घाईत आहे, मुले थंड दुधात ‘सीरिअल’ घालून खात आहेत आणि खोक्यातून निघालेल्या खेळण्यावरून भांडत आहेत. खाली प्रश्न दोन होते. मुलांनी न्याहारीला काय खाल्ले? आणि या कुटुंबाच्या आर्थिक स्थितीविषयी काय अनुमान काढता येईल? उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा मी दिली होती. एका मुलाने लिहिले : मुलांनी कच्चे धान्य गार दुधात भिजवून खाल्ले. आणि दुसऱ्याचे उत्तर : कुटुंब अतिशय गरीब असावे, कारण धान्य दळायला व दूध तापवायलाही त्यांच्याकडे पैसे नाहीत.

पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरसूचीप्रमाणे कुटुंब सुस्थितीतील मध्यमवर्गीय होते. मुलाला चारपैकी शून्य गुण मिळाले. गुण मीच दिले, म्हणजे दिले नाहीत. परंतु वही परत करताना माझ्या लक्षात आले की या मुलाने वाचनात कोठेही चूक केलेली नाही. शब्दाचा अर्थ त्याने मी सांगितला तोच घेतला, त्या अर्थावरून जे अनुमान निघते तेच काढले, आणि ते कारणासह मांडले. तर्कशास्त्राच्या अध्यापकाने त्याला पूर्ण गुण दिले असते. त्याच्याजवळ एकच गोष्ट नव्हती. विलायतेत सकाळी खोक्यातून काढून दुधात घालण्याचा भाजक्या धान्याचा एक तयार पदार्थ असतो, त्याला तेथे ‘सीरिअल’ म्हणतात, आणि तो खाणे हे गरिबीचे लक्षण नसते, हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असणे म्हणजे इंग्रजी येणे काय?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. १९७९ साली मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन या तीन अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोन पत्रे तयार केली. एकात भारतीय लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचे. दोन्ही पत्रे इंग्रजीतच. भारतीय व अमेरिकन वाचकांना ती वाचावयास दिली आणि मग आठवेल ते लिहावयास सांगितले. आपापल्या समाजातील लग्नाचे पत्र वाचकांनी अधिक वेगाने वाचले व त्यातील अधिक तपशील त्यांच्या ध्यानात राहिले. इतके कोणीही अपेक्षिले असते. खरा बोध चुकांत होता. अमेरिकन वधूने आजीचा विवाहपोशाख घातला होता. तेथे ते अभिमानाचे मानले जाते. एका भारतीय वाचकाला मात्र वाटले की पोशाख जुना आणि फॅशन गेलेला होता. उलट, भारतीय पत्रातील सासरच्या देण्याघेण्याच्या बोलण्यामागची धास्ती अमेरिकन वाचकांना जाणवली नाही. त्यांना ती साधी भेटवस्तूंची देवघेव वाटली. शब्द सर्वांना कळले होते. शब्दांमागचे घर कळले नव्हते.

१९८८ साली डोना रेक्ट व लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग याच्याही पुढे जातो. उतारा बेसबॉलच्या खेळाविषयी होता. ज्यांची वाचनाची तयारी कच्ची पण खेळाची माहिती पक्की, अशा मुलांनी वाचनात हुशार परंतु खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांना मागे टाकले. याचा अर्थ एवढाच की ‘वाचनाकलन’ नावाची कोणतीही सुटी, सर्वत्र सारखीच चालणारी कसोटी नाही. आपण उतारा निवडतो तेव्हाच, बऱ्याच अंशी, कोण उत्तीर्ण होणार हे निवडीत असतो.

आता ही गोष्ट आमच्या विषयाकडे वळवून पाहू. अर्थशास्त्राची इंग्रजी परिभाषा बरीचशी अन्नाची आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त शिकविताना ‘कॉर्न’ हा शब्द टाळताच येत नाही. इंग्लंडमध्ये १८१५ साली कडक केलेले आणि १८४६ साली रद्द झालेले ‘कॉर्न लॉज’ प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेसाठी लिहावे लागतात. ‘कॉर्न’ म्हणजे त्या काळच्या इंग्रजाच्या लेखी धान्य, त्यातही मुख्यतः गहू. परंतु आमच्या मुलांनी तो शब्द पहिल्यांदा पाहिला तो बसस्थानकाबाहेर मसाला लावून विकल्या जाणाऱ्या ‘स्वीट कॉर्न’च्या गाड्यावर. तेव्हा रिकार्डोला मक्याच्या भावाची चिंता लागली होती असे उत्तरपत्रिकेत वाचावयास मिळाले तर दोष कोणाचा? ‘पल्सेस’ म्हणजे कडधान्ये. पण ‘पल्स’ म्हणजे नाडी हे दहावीच्या विज्ञानात आलेले असते. ‘ग्रॅम’ म्हणजे वजन, आणि ‘ग्रॅम’ म्हणजे हरभराही. हा दुसरा शब्द पोर्तुगीजांच्या धान्यवाचक शब्दावरून इंग्रजांनी उचलला. ‘ग्रॅमचे उत्पादन लाख टनांत’ हे वाक्य वाचून एक मुलगी कितीतरी वेळ ग्रॅमचे टनांत रूपांतर करीत बसली होती.

तुरीची गोष्ट तर याहून मौजेची. लातूरची तूरडाळ सर्वत्र जाते. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर उभी असते. एका उताऱ्यात ‘पिजन पी’ असे आले. कबुतराला घालावयाचा वाटाणा, असे बहुतेकांनी लिहिले. दुसऱ्या उताऱ्यात तीच तूर ‘रेड ग्रॅम’ झाली होती, तेव्हा ती लाल हरभरा ठरली. जी वनस्पती हे विद्यार्थी अंधारात हाताने चाचपून ओळखतील, तिची ओळख कागदावर पटत नाही. आणि ज्या परीक्षकाने ते झाड कदाचित कधी पाहिलेले नसेल तो त्यांना शून्य देतो. यात कोणाचाही दुष्टपणा नाही. परंतु कोणाचाच दुष्टपणा नसताना एखादा वर्ग सातत्याने मागे राहतो, तेव्हा अर्थशास्त्राच्या माणसाने तरी त्याकडे काळजीपूर्वक पाहावयास हवे.

यावर कोणी म्हणेल की मराठवाड्याच्या खेड्यांचा इंग्रजीशी संबंधच उशिरा आला. उदगीरचा परिसर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता; निजामी राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झाले, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. पहिलीपासून इंग्रजी हा विषय महाराष्ट्रात आला तो २००० साली. हे सर्व खरे आहे. तथापि इंग्रजी येथे पुस्तकातून यावयाच्या आधी एका निराळ्याच वाटेने घराघरांत शिरली होती, आणि ती वाट चुलीपर्यंत जात होती.

आपल्या घरातील एखाद्या वृद्ध स्त्रीला विचारून पाहावे. शाळेची पायरीही न चढलेली ती बाई ‘लेव्ही’ हा शब्द जाणते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामी सरकार शेतकऱ्याकडून सक्तीने धान्य घेई, ती लेव्ही. तिच्या आईवडिलांच्या तोंडून तिने ती ऐकलेली असते. त्यानंतर ‘कंट्रोल’. स्वस्त धान्याच्या दुकानाला आजही खेड्यात कंट्रोलचे दुकान म्हणतात. मग ‘रेशन’. मग ‘मिलो’. अमेरिकेतून आलेल्या लालसर ज्वारीचे हे नाव; १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या तोंडावरील भाव हा शब्द उच्चारताच बदलतो. आणि मग ‘हायब्रीड’. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे पहिले वाण १९६४ साली आले. उत्पन्न वाढले, परंतु ‘हायब्रीडची भाकर’ हा वाक्प्रयोग आमच्याकडे कौतुकाने केला जात नाही. लेव्ही, कंट्रोल, रेशन, मिलो, हायब्रीड : मराठवाड्याच्या अन्नाचा पन्नास वर्षांचा आर्थिक इतिहास या पाच इंग्रजी शब्दांत सांगता येईल. आणि हे पाचही शब्द वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने घरी ऐकलेले आहेत. तो इंग्रजीत कोरा आहे असे आपण म्हणतो, ते त्याला कोणी या शब्दांचे स्पेलिंग विचारले नाही म्हणून.

याच संदर्भात आणखी एका शब्दाची गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला. त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, आली. दुष्काळ पडला तरी कायद्याच्या इंग्रजीत तो पडू शकत नाही, अशी ही व्यवस्था. त्यानंतर नऊच वर्षांनी १९७२ आले. लोक खडी फोडावयास गेले, कामावर सुकडी वाटली गेली, आणि त्या अनुभवातून रोजगार हमीची योजना रुजून १९७७ साली तिचा कायदा झाला. ती कथा अन्यत्र अनेकदा सांगितली गेली आहे. आकलनाच्या वर्गात मला तिच्यातील एवढेच उपयोगी पडते : शब्द काढून टाकला म्हणजे वस्तू जात नाही, आणि सरकारी कागद वाचताना कोणता शब्द आहे यापेक्षा कोणता शब्द नाही हे पाहावे लागते. याला आकलन म्हणावयाचे नाही तर कशाला?

तर मग उपाय सोपा दिसतो. विलायती न्याहारीचे उतारे काढून टाकावेत आणि भाकरी, ठेचा, वरण यांवर उतारे लिहावेत. मीही तेच केले. एका सुटीत बसून सात-आठ लहान उतारे स्वतः लिहिले. (माझ्या इंग्रजीची इयत्ता कोणी काढू नये, ते पुढे इंग्रजीच्या सहकाऱ्याने तपासले.) एक आठवडी बाजाराचा, एक शाळेतील खिचडीचा, एक हायब्रीड ज्वारीचा. खिचडीचा उतारा फारच चालला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशानंतर शाळांतून कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न द्यावयाचे ठरले. माझ्या पुढे बसलेली मुले त्याच खिचडीवर वाढलेली. ही खिचडी इंग्रजांनीही उचलली, ‘केजरी’ असे तिचे नाव केले आणि तीत मासे व उकडलेली अंडी घातली, हे वाचून वर्ग जो हसला तो मुलांना वाक्य कळल्याची खूण होता. समजावून सांगण्याची गरजच पडली नाही.

परंतु हायब्रीडच्या उताऱ्याने माझी खोड मोडली. त्यात मी एक कुटुंब लिहिले होते, ज्याला हायब्रीडची भाकरी आवडू लागते. कारण त्याआधी दोन वर्षे त्यांना भाकरी पुरेशी मिळतच नव्हती. प्रश्न असा होता की कुटुंबाला ती भाकरी कशी वाटली. अठरा जणांपैकी अकरांनी लिहिले की ती बेचव वाटली. उताऱ्यात तसे कोठेही नव्हते. ते त्यांच्या आजीने सांगितले होते. म्हणजे जी पूर्वमाहिती मुलांना विलायती उताऱ्यात कमी पडली, तीच येथे अधिक झाली आणि त्यांनी उतारा वाचलाच नाही, नुसता ओळखला. परिचित विषय घेतला की आकलन वाढते, हे अर्धेच सत्य आहे. परिचित विषयात माणूस कागदावर न पाहता स्वतःकडे पाहू लागतो. ‘सीरिअल’वाल्या मुलाने निदान कागदावरील शब्दाला धरून तर्क केला होता. त्याचा शून्य आणि या अकरांचा शून्य एकाच रांगेत बसविता येणार नाहीत.

त्याच दिवशी एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, भाकरीवर वाचायचं तर ते मराठीत वाचू की. भाकरीचं आम्हाला ठाऊक हाय. बँकेच्या पेपरात भाकर कुठं विचारतात?” वर्गात शांतता पसरली. तिचा मुद्दा रोखठोक होता. तिच्या वडिलांची दोन एकर कोरडवाहू शेती; धाकटी दोन भावंडे शिकताहेत; तिला दोन वर्षांची मुदत आहे, त्यानंतर घरचे थांबणार नाहीत. बँकेच्या परीक्षेत इंग्रजीला वेगळा विभाग आणि वेगळी वेळ आहे. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत २०१३ पासून आकलनाचा स्वतंत्र पेपर आहे. तेथील उताऱ्यांचे विषय मी निवडणार नाही. मी तिला गावच्या मातीचे उतारे देऊन बसविले आणि परीक्षेत पुन्हा ते थंड दूध आले, तर माझी सहानुभूती तिच्या काय कामाची?

या मुलीला त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. नंतर जे सुचले ते येथे लिहितो, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ढाक्यात मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणाधिकारी होते. बंगाली मुलांना इंग्रजी कसे शिकवावे यावर १९२६ साली त्यांचे पुस्तक निघाले. बोलण्यापेक्षा वाचण्यावर प्रथम भर द्यावा असे त्यांचे मत. त्यावर वाद पुष्कळ झाले आणि त्यांतील काही आक्षेप रास्तही आहेत. परंतु त्यांनी एक कल्पना आयुर्विम्याच्या व्यवहारातून उचलली, ती मला फार महत्त्वाची वाटते. विम्याचे हप्ते मध्येच थांबविले तर आजवर भरलेल्यातून काहीतरी परत मिळते. त्याला प्रत्यर्पण मूल्य, म्हणजे ‘सरेंडर व्हॅल्यू’, म्हणतात. वेस्ट यांचा प्रश्न असा : बहुसंख्य मुले शाळा मध्येच सोडणार आहेत. ज्या दिवशी मूल शाळा सोडील त्या दिवशी त्याने शिकलेल्या इंग्रजीचे प्रत्यर्पण मूल्य किती?

हा प्रश्न आजच्या जळकोटला विचारून पाहावा. पहिलीपासून पदवीपर्यंत पंधरा वर्षे मूल इंग्रजीचे हप्ते भरते. परीक्षेत निवड झाली तर विमा पिकला. न झाली तर? मजकुराचा अर्थ न लावता तोंडपाठ केलेली निबंधवजा वाक्ये आणि गाळलेल्या जागा भरण्याच्या युक्त्या, यांचे मूल्य निकालाच्या दिवशीच शून्य होते. आणि निवड न होणारे नेहमीच अधिक असतात. जागा मोजक्या आणि अर्जदार अगणित, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही. लातूरच्या शिकवण्यांची कीर्ती मोठी आहे, तेथून गुणवंत निघतात हेही खरे. पण ज्यांचा विमा पिकत नाही त्यांच्या हप्त्यांचा हिशेब कोणीच ठेवीत नाही. त्या मुलीने माझ्याकडे परीक्षा मागितली, ती तिला मिळालीच पाहिजे. परंतु परीक्षा हुकली तरी जे हाती उरेल असे काहीतरी त्याच तासांतून तिला देणे, हीही माझी जबाबदारी आहे. हे दोन्ही एकत्र साधतील असे वाचनाचे साहित्य कोणते?

ते किराणा दुकानात फुकट मिळते, हे आम्हाला उशिरा उमगले. बिस्किटाचा रिकामा पुडा हा एक उत्कृष्ट उतारा आहे. आपल्या देशात पाकीटबंद अन्नावरील आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा असा नियम आहे. व्यवहारात तो बहुधा इंग्रजीत असतो, मराठीत क्वचितच. म्हणजे जळकोटच्या बाजारात मराठी माणसाने मराठी माणसाकडून घेतलेल्या वस्तूत काय आहे हे कळण्यासाठी इंग्रजी आकलन लागते. हे योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. (माझ्या मते अयोग्य; महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थावर मराठी सक्तीची असावी.) तूर्त वस्तुस्थिती अशी आहे.

मुलांना पुडे आणावयास सांगितले. कोणी बिस्किटांचे आणले, कोणी चिवड्याचे, कोणी लहान बाळाला दुधातून देण्याच्या पुडीचे. नियम असा की घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिले जातात. जो पहिला तो सर्वांत अधिक. हे एक वाक्य सांगितले आणि वर्ग कामाला लागला. एका पुड्याच्या दर्शनी भागावर नाचणीचे कणीस ठसठशीत छापले होते. मागे पहिले नाव होते ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’. ‘व्हीट’ म्हणजे गहू हे सर्वांना येत होते, ‘रिफाइन्ड’पाशी गाडी अडली. एकाने तेलाचा डबा आठविला, त्यावर हाच शब्द असतो. म्हणजे शुद्ध गहू? नव्हे, ज्यातून काहीतरी काढून टाकले आहे असा. कोंडा काढलेला. “म्हणजे मैदा!” मागून आवाज आला. नाचणी यादीत पाचवी निघाली, साखरेच्या आणि पामतेलाच्या खाली. त्या दिवशी शब्दकोश कोणी उघडला नव्हता. अज्ञात शब्दाचा अर्थ परिचित ठिकाणावरून काढणे, मग तो संदर्भाशी ताडून पाहणे आणि जुळला नाही तर सोडून देणे, ही आकलनाची सारी रीत त्या पुड्यावर पुरी झाली.

आणि येथेच ते थंड दूधही परत आले. एका पुड्यावर ‘ब्रेकफास्ट सीरिअल’ असे छापलेले होते. ज्याला शून्य मिळाला होता त्या मुलाने तो हातात घेतला, मागची यादी वाचली, किंमत पाहिली, वजन पाहिले आणि वहीवर किलोचा भाव काढला. मग त्याने बाजारातील ज्वारीचा त्या आठवड्याचा भाव त्याखाली लिहिला आणि एकाचे दुसऱ्याशी किती पट प्रमाण पडते ते मांडले. आता ते कुटुंब गरीब नव्हते, हे त्याला माझ्या सांगण्यावाचून कळले होते. उत्तरसूचीपेक्षा त्याचे कारण अधिक भक्कम होते. मी त्याच्या जुन्या उत्तराचे गुण बदलले नाहीत. त्याने मागितलेही नाहीत.

सध्या आम्ही दोन्ही प्रकारचे उतारे आळीपाळीने घेतो. एका शनिवारी परीक्षेच्या पुस्तकातील, परका, पिझ्झा व टर्कीचा. त्यातील प्रत्येक अनोळखी पदार्थापाशी थांबून येथे हा शब्द काय असू शकेल आणि काय असू शकणार नाही, असे दोन रकाने मुले भरतात. दुसऱ्या शनिवारी घरचा. पण आता प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातील कोणत्या ओळीवरून ते काढले त्या ओळीचा क्रमांक लिहिण्याची सक्ती केली आहे. आजीच्या सांगण्याला क्रमांक नसतो, त्यामुळे हायब्रीडची भाकरी बेचव म्हणणारे अकरावरून तिघांवर आले. अठरा मुलांवरून सिद्धान्त मांडण्याचा माझा विचार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातील एक पानही आम्ही वाचले. ज्वारी-बाजरीसाठी तेथे ‘कोर्स ग्रेन्स’ हा शब्द आहे. अभ्यासक्रमाच्या ‘कोर्स’शी त्याचा उच्चार जुळतो, स्पेलिंग जुळत नाही, आणि त्या एका अक्षराच्या फरकातून भरड या शब्दापर्यंत पोहोचावयास अर्धा तास लागला. ज्या धान्याला कायदा भरड म्हणतो आणि आमची क्रमिक पुस्तके निकृष्ट वस्तूचे उदाहरण म्हणून देत आली, ते अलीकडे अनेक बाजारांत गव्हाहून महाग विकले गेले आहे, हे विद्यार्थ्यांनीच माझ्या नजरेस आणले.

त्या मुलीचा प्रश्न अर्थात सुटलेला नाही. तिने एक परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. दुसरीची तयारी चालू आहे आणि तिच्या दोन वर्षांपैकी एक संपले आहे. मध्यंतरी ती एक पुडी घेऊन आली. शेजारच्या घरी बाळाला दुधाऐवजी ती कालवून देतात, एवढे ती म्हणाली. पुडीवर बारीक अक्षरांत लिहिले होते की हे सहा महिन्यांखालील बाळासाठी नाही. तिने ते स्वतः वाचले होते; ‘बिलो’ या शब्दाचा अर्थ बरोबर लावला की नाही एवढेच तिला माझ्याकडून खात्रीने हवे होते. बरोबर होता. ती पुडी घेऊन तशीच शेजाऱ्यांकडे गेली, आणि त्या शनिवारचा उतारा राहून गेला.